एवढं एक मी नीट केलं

११ जानेवारी

टिटवे,

डॉक्टरांनी तुला फोन करून माझी चहाडी केली हे कळलं. माझ्यासमोर मूग गिळून बसतात आणि तुझ्यापाशी घडाघडा बोलतात.

हात थरथरतात हे खरं आहे. दाभणात सुतळी ओवता येत नाही. ज्याचा जन्म लोकांच्या खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या शिवण्यात गेला, त्याला दाभणात सुतळी ओवता येत नसेल तर दुकान उघडून काय माशा मारायच्या? म्हणून शटर खाली ओढलंय. आत खुर्च्या पाय वर करून पडल्यात. एक गिऱ्हाईक सारखं येऊन शटर वाजवतं. मी आत असलो तरी आवाज देत नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, एका रेषेवरून चालायला लावलं. सगळं ठणठणीत. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हाच मी ओळखलं की आता भलतंच काहीतरी काढणार. म्हणाले, "शरीरात काही नाही. कुणाशी तरी बोला." आणि चिठ्ठीवर एका बाईचं नाव लिहून दिलं, त्याच्यापुढे 'सायकोडायनॅमिक'. मला आधी सायकलचा डायनॅमोच वाटला. म्हटलं, या वयात मला पायडल मारायला लावणार की काय.

आता तूच सांग, माझं बिघडलंय काय? बायको गेली, वर्ष होत आलं, वाईट वाटतं. बोलून ती परत येणार आहे का? आणि मी माझं काम पार पाडलंय. आजार कळल्या दिवसापासून शेवटपर्यंत मी तुझ्या मामीला काही कळू दिलं नाही. डॉक्टरांनाही दम दिला होता. आतड्याला सूज आहे, वेळ लागेल, पण बरी होशील, हेच ती ऐकत राहिली. घाबरली नाही. एवढं एक मी नीट केलं. जेवण जात नाही, पण हे आठवलं की दोन घास जातात.

तूही तिकडे अशाच कुणाकडे दोन वर्षं जात होतीस. आम्ही तेव्हा चौकशी केली नाही, आता करतो. तिथे नेमकं काय करतात? पत्रानंच लिही. फोनवर मला फक्त 'हो' आणि 'बरं' एवढंच येतं.

मामा


२० जानेवारी

प्रिय मामा,

चहाडी नाही, काळजी. त्यांना माझा नंबर मामीनं देऊन ठेवला होता.

तू विचारलंस म्हणून सरळ लिहिते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच खोली. समोर एक माणूस बसतो, जो सल्ला देत नाही आणि घरी करायला काही देत नाही. तू बोलायचंस. मनात येईल ते, स्वप्न पडलं तर ते, आणि 'हे काय सांगायचं' असं वाटलं तर तेच आधी. तो माणूस ऐकतो आणि तुझ्या बोलण्यात पुन्हापुन्हा काय येतंय ते बघतो. लहानपणी घरात राहताना आपण माणसांशी वागायची एक तऱ्हा उचलतो. पुढे सगळीकडे तीच चालवतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. त्या खोलीतही तीच चालवतो, समोरच्या माणसावर. फरक इतकाच की तिथे ती पकडली जाते.

माझंच सांगते. आई गेली आणि तू मला उचलून घरी आणलंस, तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं की माणसं अचानक जातात. म्हणून मोठेपणी मीच आधी निघून जायचे. नोकऱ्या सोडल्या, मैत्रिणी सोडल्या, त्याला सोडलं, ज्याच्याबद्दल मामी शेवटपर्यंत हळहळायची. मग एकदा माझ्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मी सुट्टीवर आहे. मी त्याच दिवशी ठरवलं, आता इथे यायचं नाही. शेवटी गेले, पण भांडायला. आणि भांडता भांडता मलाच ऐकू आलं की मी त्यांच्याशी नाही, आईशी भांडतेय. त्या दिवशी मी इतकी रडले की दुपारी शाळेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायला गेले तर मुलं म्हणाली, "टीचर, तुमच्या डोळ्यांत पाणी गेलं का?"

सगळ्यांना हे मानवत नाही, मामा. लवकर आराम हवा असेल, उद्यापासून काय करायचं ते कुणीतरी नीट सांगावं असं वाटत असेल, तर दुसऱ्या पद्धती आहेत, त्याही चांगल्या. ही संथ आहे. आधी बरं वाटायच्या ऐवजी जास्त वाईट वाटू शकतं. पण ज्याला 'काही झालेलं नाही' आणि तरी ज्याचे हात थरथरतात, त्यानं एकदा बसून बघावं. पहिल्या काही भेटींत तूही त्यांना विचार, कसं करता, किती दिवस, माझ्यासारख्या माणसाला उपयोग होतो का. पटलं नाही तर सोड. तुझं वजन किती उतरलंय ते डॉक्टरांनी मला सांगितलंय. माझ्याकडे आता तू एकटाच उरला आहेस.

मामीबद्दल लिहिलंस ते वाचलं.

तुझी टिटवी


१९ फेब्रुवारी

टिटवे,

तुझ्या हट्टापायी गेलो. आता ऐक.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर खोली. खालून वाफेचा वास येतो. एक खिडकी, एक कुंडी, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ अशा जागी की ते फक्त तिलाच दिसावं. ती बाई माझ्याच वयाची, केस पांढरे, चपला साध्या. मी बसलो. ती बसली. मला वाटलं, आता विचारेल. ती आपली बघतेय. मी घसा साफ केला. तरी बघतेय. शेवटी मीच म्हटलं, "आज थंडी आहे." म्हणाली, "हं." अगं, 'हं' म्हणायला एवढं शिकावं लागतं?

तरी मी चार खेपा गेलो. तू लिहिलेले प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं मात्र तिनं नीट दिली. किती दिवस ते आत्ता सांगता येणार नाही, म्हणाली, काही आठवड्यांनी आपण दोघं मिळून ठरवू की तुम्हाला याचा उपयोग होतोय का. हे मला आवडलं. आमच्या धंद्यातही खुर्ची उसवल्याशिवाय किती दिवसांचं काम आहे ते सांगता येत नाही.

पण तिथली खुर्ची. मला बसायला देतात ती. डाव्या बाजूची स्प्रिंग बसलीय, खालची पट्टी सैल पडलीय, माणूस एका अंगाला कलतो. दुःखी माणसाला अशा खुर्चीत बसवायचं म्हणजे कमाल आहे. तीन खेपा सहन केलं. चौथ्यांदा लवकर गेलो, पिशवीत हातोडी, पक्कड, दाभण, सुतळी घेऊन. दार उघडं होतं, ती कुठे दिसली नाही. म्हटलं, येईपर्यंत होऊन जाईल. खुर्ची उलटी केली, पट्टी ताणून बसवली, स्प्रिंग सुतळीनं आवळली. आणि टिटवे, हात थरथरले नाहीत. दाभणात सुतळी पहिल्या झटक्यात.

ती आली तेव्हा मी जमिनीवर, तोंडात खिळे. मला वाटलं, खूश होईल. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "आज बसायच्या आधीच कामाला लागलात." बस, एवढंच. आभार नाहीत, छान नाही, काही नाही. वर विचारते, "खुर्ची नीट झाली नसती तर आज काय झालं असतं?" काय झालं असतं म्हणजे? कलून बसलो असतो.

मी पिशवी उचलली आणि निघून आलो. परत जाणार नाही. मला हे मानवत नाही, तुझ्यासारख्या शिकलेल्यांना मानवत असेल.

मामा


२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि मोठ्यानं हसले. मग 'तोंडात खिळे' पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. तू मला असाच दिसतोस. माझ्या सगळ्या लहानपणात तू आमच्यासोबत ताटावर शेवटपर्यंत बसलायस असं मला आठवत नाही. पंखा आवाज करतोय, स्टूल डगमगतंय, खिडकी नीट लागत नाही. मामी म्हणायची, "याला एखाद्या खुर्चीला शिवून टाकायला पाहिजे." आठवतं?

तुला सोडायचं असेल तर सोड, मी रागावणार नाही. डॉक्टरांना सांग, ते दुसऱ्या कुणाकडे पाठवतील, जिथे समोरचं माणूस जास्त बोलतं, काय करायचं ते शिकवतं. त्यात कमीपणा काही नाही. पण असा पिशवी उचलून नको जाऊस. एकदा जा आणि त्यांच्या तोंडावर सांग की मला तुमचा राग आला. मी खुर्ची दुरुस्त केली आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तुला वाटेल, हे काय बोलायचं असतं? तिथे हेच बोलायचं असतं.

जेवतोस का ते लिही.

टिटवी


१२ मार्च

टिटवे,

गेलो. सांगितलं. तोंडावर सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आभार मानायला हवे होते, ते राहिलं. खुर्ची चांगली झाली आहे." मग म्हणाल्या, "तुम्ही माझी काळजी घेतलीत. तुमची मी घ्यायची, तर ते मात्र तुम्ही होऊ देत नाही." मी म्हटलं, माझी काळजी कशाला, मी कुठे आजारी होतो, आजारी ती होती. आणि मग ते सुरू झालं.

मी त्यांना मामीच्या पलंगाचं सांगितलं. पाठीला टेकण्याची उतरती गादी केली होती. मग गुडघ्याखाली गोल उशी. मग टाचा दुखायला लागल्या म्हणून टाचांना. मग पाठीच्या गादीचा उतार बदलला, कारण श्वास लागायचा. खालून दुकानातून वर, वरून खाली, दिवसभर. ती म्हणायची, "बस ना जरा माझ्याजवळ." मी म्हणायचो, "एवढं झालं की बसतो." कापड खरखरीत वाटेल म्हणून कव्हरं दोनदा बदलली. ती काही तक्रार करायची नाही, टिटवे. फक्त म्हणायची, बस ना.

बाईंकडून निघालो आणि बसथांब्यावर उभा राहिलो तर रडूच आवरेना. माझ्यासारख्या बाप्याला चारचौघांत असं रडताना कुणी पाहिलं नसेल. बस आली, गेली. एक बाई मला पाण्याची बाटली देऊन गेली. तेव्हापासून हे असंच चाललंय. फोम घ्यायला दुकानात गेलो, तिथे मऊ फोम हातात घेतला आणि तसाच टाकून परत आलो. पूर्वी जेवण जात नव्हतं, आता जेवताना रडतो. हे बरं होणं असेल तर आजार काय वाईट होता? बाईंना विचारलं. म्हणाल्या, काही दिवस असं होऊ शकतं, पण फार जड झालं तर सांगा, आपण सावकाश जाऊ, आणि डॉक्टरांनाही कळवा. बघतो.

एकच गोष्ट धरून आहे. मी जवळ बसलो नाही, कबूल. पण तिला भीती कळू दिली नाही. तुमच्या दोघींचं फोनवर तासन्‌तास चालायचं. तुझ्याशी ती आनंदात बोलायची ना? एवढं सांग मला.

मामा


१९ मार्च

प्रिय मामा,

हो, ती फोनवर हसायची. तुझ्या नकला करायची, तू गिऱ्हाइकाशी कसा बोलतोस त्याची.

आधी वाईट वाटतं हे खरं आहे, मलाही वाटलं होतं. पण एक स्पष्ट विचारते आणि तू स्पष्ट उत्तर दे. जगूच नये असं वाटतं का? वाटत असेल तर वार यायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बाईंना आणि डॉक्टरांना सांगायचं, आणि मला फोन. 'हो' आणि 'बरं' एवढं बोललास तरी चालेल.

इकडे तलावाचं पाणी बदललं. फरशी घासायला सगळ्यांना लावलं होतं. नवीन मुलांची तुकडी आलीय, एक मुलगी पाण्याला इतकी घाबरते की पायरीवर बसून फक्त पाय बुडवते. मी तिला तेवढंच करू देते. गाळणीचं यंत्र बिघडलं होतं, तेही आता सुरू झालंय. हवा बदलतेय. दुकानाचं शटर उघडलंस का?

टिटवी


३ एप्रिल

टिटवे,

जगू नये असं वाटत नाही. कसं जगायचं ते कळत नाही, एवढंच. काळजी करू नकोस.

आता हे नीट वाच. मी बाईंकडे गंमत सांगत होतो. एकदा वाटलं, रोज काय रडायचं, आज हसवू त्यांना. म्हणून मामीची शाळा सांगितली. शेवटच्या काही महिन्यांत तुझ्या मामीनं मला शिकवणी लावली होती. पलंगावर पडल्या पडल्या ओरडायची, "पाणी किती घातलंस? बोटाच्या कांड्यानं मोज." माझ्याकडून भात करून घेतला, भाजी करून घेतली, वरण तीनदा करपवलं तरी चौथ्यांदा करायला लावलं. लोकरीचे कपडे कुठल्या पाण्यात धुवायचे. गॅस संपला तर कुणाला फोन करायचा. शेजारच्या आजींशी दिवसातून एकदा तरी बोलायचं, त्या आगाऊ वाटल्या तरी. मी चिडायचो. म्हणायचो, तू बरी झालीस की हे सगळं तूच करणार आहेस, माझं डोकं कशाला खातेस? ती म्हणायची, "मला आता कंटाळा आलाय, आयुष्यभर तू कर." आणि तो तिचा तपकिरी गरम कोट. शेजारच्या सुनेला देऊन टाकला. म्हणाली, मला आता ढगळ होतो. थंडी तोंडावर आली होती, टिटवे. मी म्हटलं, बायकांच्या लहरी.

हे मी हातवारे करून सांगितलं. तिच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. बाई हसल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या खोलीत माझाच आवाज उरला. 'मला आता ढगळ होतो.' मी ते वाक्य अर्धवट सोडलं.

ती मला तिच्याशिवाय राहायला शिकवत होती.

तुला माहीत होतं का? वळणं घेऊ नकोस. तुझं मागचं पत्र सगळं तलावाच्या पाण्यानं भरलेलं होतं. तू लहानपणी काही लपवायचीस तेव्हा अशीच शाळेतल्या बाकांबद्दल बोलत सुटायचीस.

मामा


७ एप्रिल

मामा,

हो. मला माहीत होतं. मामीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिनं मला त्याच आठवड्यात फोन केला. म्हणाली, "तो रिपोर्ट घेऊन आला आणि शिट्टी वाजवत जिना चढला. कापड चुकीचं बेतलं आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सुचेना झालं की तो शिट्टी वाजवतो. म्हणजे माझं काही खरं नाही." पुढे डॉक्टर एकटे आले तेव्हा तिनं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

मी म्हटलं, मग मामाला सांग ना, दोघं मिळून बोला. ती नाही म्हणाली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "दिवसभर माझ्यासाठी नाटक करतो गं. त्यातच त्याचा दिवस जातो. ते काढून घेतलं तर तो माझ्यासमोर उभा कसा राहील? राहू दे त्याच्याकडे तेवढं." मला शपथ घालायची नाही म्हणाली, फक्त माझं ऐक म्हणाली. मी ऐकलं.

ती घाबरायची का, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुला विचारायचंय ते मला ठाऊक आहे. घाबरायची, कधीकधी. तेव्हा मला फोन करायची. तू खाली दुकानात असायचास.

मी आठवडाभर राहायला आले होते, तुला वाटलं मला सुट्टी मिळाली. तिनं बोलावलं होतं. "मला हसता येतंय तोवर ये." तू खाली गेलास की आम्ही बोलायचो. सगळं बोललो, आईबद्दलसुद्धा. निघताना तिनं मला धरून ठेवलं, सोडेचना, आणि तू दारातून म्हणालास, "अगं सोड तिला, पुढच्या सुट्टीत येतेच आहे, बस चुकेल." आम्ही दोघी हसलो. बसमध्ये बसल्यावर माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही.

तुला तिकडे जायला मीच भरीला पाडलं. तुझ्या पहिल्या पत्रातलं 'एवढं एक मी नीट केलं' वाचलं तेव्हाच कळलं होतं, की हा तिथे बसला तर एक ना एक दिवस हे त्याच्या हातून जाणार. तरी मी आग्रह केला. तू त्या दोन घासांवर किती दिवस काढले असतेस? पण मी बरोबर केलं की नाही, ते मला अजून कळत नाही.

मला तिचा निरोप घेता आला, तुला नाही. तुझ्या वाटचं मी घेतलं असं वाटत राहतं.

टिटवी


१४ मे

मामा,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. शेजारच्या आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, दिवा लागतो, पाण्याचा आवाज येतो, पण दार उघडत नाही. तुझ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगू शकत नाही. मला राग आला. पण तुझ्यासाठी बरंही वाटलं, की तुझं तिथलं बोलणं तिथेच राहतं.

शिव्या दे, पण लिही. नुसता कोरा कागद पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल. मी येऊ का?

टिटवी


२ जून

टिटवे,

ये. जून संपायच्या आत ये. तुझी खोली झाडून ठेवलीय.

तुझं पत्र वाचलं आणि घराबाहेर पडलो, तो चालतच राहिलो. राग आला होता. तुझा नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. तुझाही आला. तुम्ही दोघी मिळून मला वेड्यात काढलंत असं वाटलं. इतके महिने मी नाटक करत होतो, आणि बघणारी एकटी ती, तिला सगळं पाठ. दोघं एकाच खोलीत, एकाच गोष्टीला भ्यालेली, आणि एकमेकांना सांगतोय की आज चेहरा टवटवीत दिसतोय. दार उघडलं नाही कारण कुणी 'कसे आहात' विचारलं तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक.

बाईंकडे दोन खेपा गेलो नाही. मग गेलो. गेलो आणि बसून राहिलो, एक अक्षर बोललो नाही. त्याही गप्प. ते गप्प बसणं मला सहन होईना. मी ओरडलो त्यांच्यावर. म्हटलं, तुम्ही सगळ्या एकजात सारख्या. तुम्हाला माहीत असतं आणि गप्प बसता. पुरुषाला येड्यासारखं नाचू देता. त्या घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही तुमच्याबद्दल काही माहीत आहे आणि मी लपवते आहे, असं वाटतं का?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "मी काही लपवत नाही. पण तुमच्या घरात तसं झालं. तो राग तुमच्या पत्नीवरचा आहे. त्यांच्यावर रागवायला तुम्ही अजून तयार नाही." मेलेल्या बायकोवर कसला राग काढायचा, म्हटलं. पण निघाला. पुढच्या काही खेपा तोच निघाला. तिनं मला एकट्याला सोडलं, माझ्या आधी सगळं ठरवून टाकलं, कोट देऊन टाकला, तुझा निरोप घेतला, माझा घेतला नाही. हे मी मोठ्यानं बोललो. छत कोसळलं नाही. त्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो, तिनं शिकवलेलं.

तू विचारतेस, बरोबर केलं का. मलाही कळत नाही. ज्या काठीवर उभा होतो ती गेली, एवढं खरं. दुकान सकाळचं उघडतो. हात अजून थरथरतात, पण जाडं काम होतं. हे मला मानवतं की नाही, हे बाईंनी परवा विचारलं, ठरल्याप्रमाणे. मी म्हटलं, औषध कडू आहे, पण दुसरीकडे हे मी कुणाला सांगणार? अजून काही महिने यायचं ठरलंय.

आता शेवटचं, जे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवाच बाईंनी विचारलं, "तिला सगळं माहीत आहे हे तेव्हा तुम्हाला कळलं असतं, तर तिला काय म्हणाला असतात?" मी विचार केला. पुष्कळ काही होतं. तुझे हाल झाले, माफ कर. जवळ बसलो नाही, माफ कर. तुझ्यामुळे माझं घर झालं. दुखतं का ते खरं सांग. हे सगळं मनात जुळवून ठेवलं आणि तोंड उघडलं, तर त्यातलं काहीच आलं नाही. "जाऊ नको" एवढंच आलं. मोठ्यानं आलं, खाली लाँड्रीत ऐकू गेलं असेल. मग थांबेचना. जाऊ नको, जाऊ नको, लहान पोरासारखं.

इतक्या महिन्यांत मी तिला हे एकदासुद्धा म्हटलं नव्हतं, टिटवे. म्हणणार कसा? माझ्या सांगण्याप्रमाणे ती कुठे जाणारच नव्हती.

मामा